मागच्या रांगेतला मुलगा

ऑकलंड, ३ मार्च २००३

वाइओला आत्या,

नाताळनंतर हे पहिलंच पत्र, आणि तेही कामाचं. आधी रागावून घ्या, मग पुढे वाचा.

माझं हे शेवटचं वर्ष. परीक्षा म्हणजे एका गाण्यावर छोटी फिल्म करून दाखवायची. इथल्या मांगेरे भागातल्या, आपल्या बेटाकडच्या पोरांच्या बँडने मला त्यांचं नवं गाणं दिलं आहे. प्रेमाचं आहे. एक मुलगा खाडी ओलांडून होडीतून येतो, मुलीसाठी फुलं आणतो, तिच्या दारापर्यंत पोचेस्तोवर धीर सुटतो, एवढीच गोष्ट. ऐकलं त्या क्षणी मला फांगातोंगो दिसलं. तुमच्या घरामागचा किनारा, ते वाकलेलं झाड, सगळं. लहानपणी आईबरोबर दोनदाच आले आहे, पण डोळ्यांसमोरून जात नाही. शूटिंग जुलैच्या पहिल्या आठवड्यात, कच्चं वेळापत्रक सोबत जोडते. आम्ही सहा जण येऊ. बाबाही येतो म्हणतात. तेवीस-चोवीस वर्षांनी!

पण अडचण अशी की आमच्या शिक्षिका ग्लेनिस कॅमेरा असा सहजासहजी देत नाहीत. आधी सगळी फिल्म कागदावर उभी राहिली पाहिजे. कुठला शॉट कुठे, कोण दिसणार, कुणाची परवानगी, पाऊस आला तर काय, वीज कुठून. त्या म्हणतात, फिल्म टेबलावरच बनते, नंतर ती फक्त जाऊन आणायची असते. ही फाइल १३ जूनला द्यायची. त्यांनी नाही म्हटलं तर कॅमेरा नाही, आणि कॅमेरा नाही तर हे वर्ष पुन्हा. बाबांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय की पोरगी डायरेक्टर झाली. त्यामुळे मला झोप नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. गावाची परवानगी, आणि चेहरे. गावातल्या तरुण मुलामुलींचे फोटो पाठवाल का? बाबा म्हणाले, आत्याने हो म्हटलं की गावाने हो म्हटलं.

तुमची,
लेसिएली


फांगातोंगो, वावाऊ, १४ मार्च २००३

लेसी पोरी,

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. वादळ वरच्या बाजूने निघून गेलं, आमची फक्त केळी आडवी झाली. सुरण यंदा चांगला आलाय.

तुझं पत्र मी चटया विणायला बसलेल्या बायकांना वाचून दाखवलं. कॅमेऱ्यासाठी एवढे कागद लागतात हे ऐकून त्या म्हणाल्या, आमच्या लग्नालासुद्धा एवढे लागले नव्हते.

परवानगीचं झालं असं समज. गावच्या मुखियाकडे मानाची भेट म्हणून कावाची मुळी घेऊन मी स्वतः गेले. त्याने विचारलं, फिल्ममध्ये काय आहे? मी म्हटलं, होडी आहे आणि फुलं आहेत. तो म्हणाला, मग ठीक. तू पाठवलेल्या वेळापत्रकात मात्र रविवारी सूर्यास्ताचं शूटिंग लिहिलंयस. ऑकलंडमध्ये रविवारी सूर्य वेगळा मावळतो का? इथे रविवारी चर्च, जेवण आणि झोप. तो दिवस खोडून टाक. आणि पावसासाठी वेगळी आखणी केलीस तशी जेवणाची कर. सहा जणांना सँडविच लिहिलंयस. माझ्या घरी भावाची मुलगी पाहुणे घेऊन येणार आणि सँडविच? डुकरं ठरली आहेत. त्यावर चर्चा नाही.

फोटो वेगळे काढलेले नाहीत. चर्चच्या गायकवृंदाचा वर्धापनदिनाचा मोठा फोटो पाठवते, त्यात सगळे आहेत. मुलगी म्हणून पुढच्या रांगेतली मेसेपा घे. मुलगा म्हणून सेमिसी, मधोमध उभा आहे तो. हसरा आहे, सांगितलेलं ऐकतो.

तुझी आत्या,
वाइओला


ऑकलंड, २५ मार्च २००३

आत्या,

फोटो मिळाला. माझी मैत्रीण हॅना कॅमेरा चालवणार आहे. तिने आणि मी तो भिंतीवर लावून ठेवलाय. मेसेपा अगदी हवी तशी. तिला हो सांगा.

सेमिसी मात्र नको. सॉरी. त्याचं हसू निवडणुकीला उभं राहिल्यासारखं आहे. मला मागच्या रांगेतला शेवटचा मुलगा हवा. उंच, मान थोडी खाली, कॅमेऱ्याकडे बघतच नाही तो. सगळे दात दाखवताहेत आणि हा एकटाच काहीतरी विचार करतोय. आमच्या गाण्यातला मुलगा दारापर्यंत येऊन थबकतो ना, तो असाच थबकेल. मी त्याच्याच चेहऱ्याने सगळ्या शॉटची चित्रं काढून टाकली आहेत. काल झोप येईना म्हणून उठून शेवटची चार चित्रंही काढली. त्याचं नाव काय? उंची कळवा. शर्ट इथूनच आणायचा आहे.

आणि डुकरं किती? फाइलमध्ये लिहावं लागतं.

लेसिएली


फांगातोंगो, ६ एप्रिल २००३

लेसी,

डुकरं तीन. एक लहान.

भरती-ओहोटीचं तू काहीच विचारलं नाहीस. तुझी होडी किनाऱ्याला लागणार म्हणतेस, पण ओहोटीला आपल्या इथे अर्ध्या वाटेपर्यंत चिखल असतो. होडी चिखलात आणि तुझा तो प्रेमी गुडघ्यापर्यंत गाळात, असं होईल. वेळा विचारून कळवते. विजेसाठी नेइआफूच्या बंदरातून जनरेटर आणावा लागेल. तो जड आहे.

सेमिसीचा पुन्हा विचार कर. त्याला कमी हसायला सांगता येईल. मागच्या रांगेतल्या मुलाचं नाव कालाफी. पण तो कामात असतो, मासेमारीला बाहेरच्या बेटांवर जातो. फोटो जुना आहे, आता तो उन्हाने काळा पडलाय. शिवाय आवाजही फारसा नाही.

ईस्टरला तू जागा बघायला येतेस हे बरं झालं. प्रत्यक्ष बघितलंस की तुझं मत बदलेल. येताना कोरा कागद आण, इथे मिळत नाही.

आत्या


ऑकलंड, २९ एप्रिल २००३

आत्या,

घरी पोचलो. तुम्ही दिलेली चटई बाबांनी कुणाला हात लावू न देता कपाटावर ठेवली. तुमच्या हातचं जेवून हॅना अजून जेवायला तयार नाही, म्हणते पुढच्या वर्षापर्यंत पुरेल.

सगळं छान झालं, एक सोडून. त्याबद्दल तिथे बोलले नाही कारण तुम्ही बोलू दिलं नाहीत. मी विषय काढला की तुम्ही चहा ठेवायला उठायच्या. एका दिवसात मी तुमच्याकडे किती चहा प्यायले ते देवालाच माहीत.

माझं काय चुकलं ते सांगा. कालाफीला निरोप मी पाठवला, तो आला, पण पायरीशीच बसला. आत ये म्हटलं तर दारात उभा राहिला, नजर जमिनीवर. मी त्याला प्रसंग वाचून दाखवला. फूल देताना मेसेपाच्या खांद्यावर हात कसा ठेवायचा ते सांगितलं. कठीण काय होतं त्यात? हॅनाचा कॅमेरा चालू होता, खिडकीतून सुंदर उजेड येत होता, आणि त्याचं तोंड सावलीत. म्हणून मी उठून त्याच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बस, एवढंच. तो पायरी उतरून निघून गेला. मेसेपा आधी खुदकन हसली, मग एकदम गप्प झाली. विणणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी मोठ्याने म्हटलं, काय झालं? तर तुम्ही म्हणालात, चहा करते.

दुसऱ्या दिवशी कळलं तो बाहेरच्या बेटावर गेला. मी पुढचे तीन दिवस किनाऱ्यावर येरझारा घातल्या. माझ्यासमोर यायचंच नसेल तर तसं सांगावं ना माणसाने! मी ऑकलंडची म्हणून मला शहाणपणा शिकवणारी समजतो का तो?

आणि गंमत म्हणजे, हॅनाने टिपलेले ते काही क्षण, तो दारात उभा आहे तेवढेच, आम्ही पुन्हा पुन्हा बघतोय. तसं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

लेसिएली


फांगातोंगो, ८ मे २००३

लेसी,

चर्चमधला मुलांचा रविवार थाटात झाला. सगळी लेकरं पांढऱ्या कपड्यांत, एकही वचन विसरलं नाही. सेमिसीने त्यांची नाटिका बसवली होती. लोक हसून हसून रडले.

कालाफी लाजाळू आहे. त्याचा तुझ्यावर राग नाही, हे मी खात्रीने सांगते. पण तो हे काम करणार नाही. सेमिसी घे, पोरी. तुला उशीर होतोय.

भरतीच्या वेळा मागच्या पानावर लिहिल्या आहेत.

आत्या


ऑकलंड, १९ मे २००३

आत्या,

मागचं पान दोनदा वाचलं. मला भरतीच्या वेळा मिळाल्या, उत्तर मिळालं नाही.

इथे घोडं कुठे अडलंय ते सांगते. ग्लेनिसनी कच्ची फाइल पाहिली. परवानगी, जागा, जनरेटर, तीन डुकरं, सगळं त्यांना आवडलं. मग त्यांनी ती टेप पाहिली, दारातल्या मुलाची. म्हणाल्या, फिल्म ही आहे, बाकी सगळं सामान आहे. याचा होकार आण, मी सही करते. मी सेमिसीचं नाव काढलं तर म्हणाल्या, तुझा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास नाही, मी का ठेवू? आता सांगा, सेमिसीचं नाव लिहून फाइल दिली तर त्यांना माझ्या तोंडावर दिसेल.

तुम्ही कारण सांगत नाही म्हणून मी कारणं शोधत बसते. सेमिसी तुमच्या विणणाऱ्या मैत्रिणीचा मुलगा, म्हणून का? कालाफीच्या घराशी तुमचं भांडण आहे का? भांडणही दिसत नाही. त्याने आणलेले मासे तर मी तुमच्याच घरी खाल्ले.

शेवटी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणाचा मुलगा? मला ते माहीत नव्हतं. फोटो हॅनाकडे होता, नाहीतर दाखवला असता. बाबा म्हणाले, एवढं काय त्यात, मी गावच्या पाद्रींना फोन करतो, ते मुलाला समजावतील, वडीलधाऱ्या माणसाचा शब्द तो मोडणार नाही. १ जूनच्या रविवारी चर्चनंतर ते फोन करणार आहेत. त्याच संध्याकाळी इथल्या आपल्या चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना टेपही दाखवायची म्हणताहेत. मला वाटतं त्याने प्रश्न सुटेल.

तुम्ही रागावला असाल तर रागवा, पण माझं वर्ष जायला आलंय.

लेसिएली


फांगातोंगो, २६ मे २००३

लेसिएली,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. मेसेपाचा मामा उद्याच्या विमानाने येतोय, तो तुझ्या हातात देईल. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही असं सांगितलंय. वाचून झालं की बाबांना फोन करू देऊ नकोस. टेपही दाखवू देऊ नकोस. कसं थांबवायचं ते तू बघ.

तुला तीन बहिणी. भाऊ नाही. त्यामुळे भाऊ बहिणीसमोर कसा वागतो हे तू घरात कधी बघितलं नाहीस, आणि ऑकलंडमध्ये कुणी शिकवलं नसावं. इथे लहान पोरालाही कळतं. बहीण ज्या खोलीत बसली आहे तिथे भाऊ पाय पसरून बसत नाही, जमलं तर आतच येत नाही. तिच्यासमोर प्रेमाचं गाणं लागलं तर उठून बाहेर जातो. तिने त्याच्या चेहऱ्याला हात लावायचा तर प्रश्नच नाही.

आता दारात उभा राहिलेला मुलगा आठव.

कालाफी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. तुझा बाप सायमोने कामासाठी ऑकलंडला गेला तेव्हा कालाफीच्या आईला दिवस गेलेले होते. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. पुढे तिचं लग्न झालं, नवरा भला मिळाला, त्याने मुलाला आपलं नाव दिलं. पण गाव आंधळं नसतं. मुलगा चालायला लागला आणि सगळ्यांनी ती चाल ओळखली. त्याच्या आईने त्याला मोठा झाल्यावर सांगितलं. तो दर शनिवारी पहिले मासे माझ्याकडे आणून देतो. वडिलांच्या बहिणीचा मान असतो तसा. तो का आणतो हे मी कधी विचारलं नाही, मी का घेते हे त्याने विचारलं नाही.

तुझ्या बाबांना माहीत आहे का, ते मला माहीत नाही. तू म्हणशील, इतक्या वर्षांत विचारलं का नाही? अगं, मी त्याची बहीण आहे. जी गोष्ट तुझ्यासमोर कालाफी ऐकूही शकला नाही, ती मी माझ्या भावाला कुठल्या तोंडाने विचारू? मी मोठी आहे, माझ्यासमोर तो खुर्चीवर बसत नाही, मी म्हटलं तर अंगावरचा शर्ट काढून देईल. पण हे मी बोलू शकत नाही. तुलाही बोलणार नव्हते. तुझ्यासाठी नाही, त्या मुलासाठी लिहिते आहे. पाद्री त्याला बापाच्या वतीने सांगणार की जा, बहिणीसमोर प्रेमी हो, आणि तो सभ्य आहे, कदाचित हो म्हणेल. मग त्याने गावात तोंड कुठे दाखवायचं?

तू ऑकलंडला परत गेल्यावर तो माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, पोरीला माहीत नाही. तो म्हणाला, "मला ठाऊक आहे, आत्या. पण तिने मला नावाने हाक मारून आत बोलावलं. ते एकदा ऐकायचं होतं म्हणून तेव्हा आलो." त्याने मला आत्या म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

वाइओला


ऑकलंड, १४ जून २००३

आत्या,

पत्र मिळालं तेव्हा मी कॉलेजच्या पायऱ्यांवर होते. तिथेच वाचलं. मग वर्गात न जाता चालत राहिले, कुठपर्यंत ते आठवत नाही. हनुवटी धरलेला माझा हात खिशात घालून चालत होते.

मला किती दिवस रागच येत होता. तुमच्यावर, बाबांवर, मग स्वतःवर. सगळ्या गावासमोर मी त्याला प्रेमाचा धडा वाचून दाखवला! मेसेपा का हसली आणि का गप्प झाली, ते आता कळतंय. आणि तो तरीही दारापर्यंत आला.

फोन थांबवला. बाबांना म्हटलं, मी मुलगा बदललाय, सेमिसी घेतेय. टेपचं म्हटलं, हॅनाकडून खराब झाली. तिने माझ्यासाठी तेवढा दोष घेतला. बाबांनी विचारलं, का बदललास? मी म्हटलं, हसू चांगलं आहे त्याचं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बागेत निघून गेले. त्यांना माहीत आहे की नाही ते मलाही कळलं नाही.

मग सेमिसी. आठवडाभर बसून सगळी चित्रं फाडली आणि नव्याने काढली. गाण्यातला मुलगा आता थबकत नाही. तो हसतो, खूप हसतो, वाटेत भेटेल त्याला फूल दाखवतो, आणि दारापाशी आल्यावर ते हसू जातं. एवढंच. सेमिसीवर विश्वास बसला तो असा.

काल फाइल दिली. ग्लेनिस चिडल्या. एवढा चांगला चेहरा का सोडलास म्हणाल्या. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि ते इंग्रजीत, टेबलापलीकडच्या बाईला. त्या म्हणाल्या, "मग तर सोपंच की! घरचा माणूस आहे." मी हसायला लागले आणि थांबेचना. त्यांनी पाणी दिलं. मग नवी चित्रं एकेक करून पाहिली, दारातल्या हसू जाण्याच्या चित्रावर थांबल्या, आणि सही केली. आत्या, कॅमेरा मिळाला. तिकिटं १ जुलैची.

आता दोन गोष्टी. होड्या आणि समुद्र सांभाळायला कुणीतरी हवं, आणि फाइलमध्ये ती जागा मी रिकामी ठेवली आहे. कालाफीला विचाराल? कॅमेऱ्यासमोर यायचं नाही, माझ्याशी बोलायचंही नाही. जे सांगायचं ते हॅना सांगेल.

दुसरं म्हणजे बाबा. त्यांनी रजा घेतली आहे, सगळ्यांना सांगितलंय. त्यांना येऊ नका म्हणू का? मला झोप लागत नाही. त्यांच्यासमोर जेवायला बसले की ताटावरूनच उठते. तुम्ही म्हणाल तसं करेन.

लेसिएली


फांगातोंगो, २२ जून २००३

लेसी पोरी,

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. सेमिसी गावभर हसत फिरतोय. मी त्याला म्हटलं, थोडं शूटिंगसाठी ठेव.

कालाफी होड्या बघेल. त्याने तुझं वेळापत्रक माझ्याकडून वाचून घेतलं. निरोप दिलाय की तिसऱ्या दिवसाचा सकाळचा शॉट दुपारी घे, सकाळी पाणी नसतं. प्रेमाचा प्रसंग चालू असेल तेव्हा तो होडी घेऊन किनाऱ्याच्या टोकापलीकडे जाईल, आणि मेसेपाने पांढरा रुमाल हलवला की परत येईल. हे त्याने स्वतः ठरवलं. तुझ्या फाइलमध्ये बसतं का बघ.

तुझ्या बाबांना येऊ दे. नको म्हणू नकोस. त्याच्या रजेचं कारण तू नाहीस, असं मला वाटतं, पण ते मी विचारणार नाही.

मी बोलू शकत नाही हे तुला आता माहीत आहे. तूही बोलू नकोस, ते तुझं काम नाही. पण कुणी कुठे बसायचं, कुणी काय उचलायचं, हे या घरात माझ्याशिवाय कुणी ठरवलेलं नाही. म्हणून तुझ्या वेळापत्रकातलं पहिल्या दिवसाचं पान मी बदललं आहे. नवं सोबत जोडते, हेच खरं धर. नेइआफूच्या धक्क्यावरून तुम्ही सगळे मुखियाच्या मोठ्या लाँचमधून या. जनरेटर कालाफीच्या होडीतून येईल. तो जड आहे, वाऱ्याविरुद्ध यायचं आहे, एकाने इंजिन धरायचं आणि एकाने जनरेटर धरून बसायचं. धरून बसायला सायमोने. त्याला सांग, आत्याने असं ठरवलंय. तो का म्हणून विचारणार नाही.

इंजिनाचा आवाज फार असतो. कुणी काही बोललं नाही तरी चालतं, आणि बोललंच तर किनाऱ्यावर कुणाला ऐकू येत नाही.

हॅना होडीतून शूटिंग करू का म्हणेल. तिला नाही सांग. त्या होडीत तिसऱ्या माणसाला जागा नाही.

आत्या